केशोरीवरून न उतरलेलं जहाज

वहिनी, तुमच्या तेरवीला पंगतीत भात मी वाढत होतो. रडू आलंच तर असू द्यावा म्हणून खिशात धुतलेला रुमाल ठेवला होता. शेजारच्या ताराबाईंच्या पत्रावळीपाशी वाकलो तर त्यांनी हात आडवा धरला. मला वाटलं, भात पुरे म्हणत असतील. त्या म्हणाल्या, "काऊन गा बाबू, ते जहाज उतरलं का नाई?"

ओळीतल्या बायांचे हात थांबले. पलीकडच्या पुरुषांच्या ओळीतही दोन-चार माना वळल्या. मी भाताचं भांडं धरून तसाच वाकलेला. ताराबाई तुमचं नाव घेऊन म्हणाल्या, देवकानं तलावापावत आणून सोडलं होतं, पुढचं तुलेच ठाऊक असन. मला काहीच ठाऊक नव्हतं. मी त्यांना आणखी भात वाढला. त्यांनी नको म्हटलेलं नव्हतंच, त्यामुळे ते बरोबरही दिसलं. रुमाल खिशातच राहिला.

ताराबाईंची नातसून नवी आहे. ती विचारू लागली, कोणतं जहाज, केशोरीत तर साधा डोंगाही नाही. पंगत उठल्यावर तिला सगळं सांगावं लागलं. तुम्हाला ते पाठ आहे, तरी तुमच्या देखत पुन्हा सांगतो. मी गोष्ट वाढवून सांगायला लागलो की दाराआडून खाकरायची तुमची सवय होती. आता खाकरून दाखवा.

शतक संपायला आलं होतं तेव्हा मी गावात केबल आणली. डिशच्या छत्र्या तुमच्या रांधणघराच्या छतावर बसवल्या आणि यंत्रं छपरीतल्या त्या खोलीत, जिथं आधी धानाचं बियाणं असायचं. खोलीला कडी बाहेरून होती, आतून नव्हती. बियाण्याला आतून कडी कशाला लागते? धंद्याचा मालक मी, म्हणजे खांबावर चढून तारा ओढणारा आणि खाली उतरून शिव्या खाणारा. आपल्याकडे वाहिन्या जास्त आणि त्या गावभर पाठवणाऱ्या पेट्या कमी. मग एकाच पेटीवर सकाळी भजन, दुपारी पिक्चर, संध्याकाळी बातम्या असा संसार चालायचा. वेळ झाली की एका रिसिव्हरची पिन उपटायची, दुसऱ्याची खोचायची. लाइट गेली की इन्व्हर्टर सुरू करायचा. वानरांनी छत्री फिरवली की काठी घेऊन छतावर. "वहिनी, जरा वेळ पाहता का," म्हणून ते मी तुमच्या गळ्यात घातलं आणि तो जरा वेळ पुढे संपलाच नाही. रोवणीला सगळं घर धानाच्या बांधीत जायचं, तुम्ही पिनेपाशी. गावात लग्न असो की मयत, तुम्ही अर्ध्यातून उठून यायच्या, कारण बातम्यांची वेळ झालेली असायची.

गुरुवारची साडेआठची ती हिंदी मालिका मात्र तुम्ही निवडली. त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर सासवा-सुनांची मालिका लागायची, सगळा देश ती पाहत होता. मी म्हणालो, ती लावा, नाहीतर बाया माझी तार कापतील. तुम्ही म्हणालात, "सासू मले घरीच हाये. तिची पिन कायले लावू?" संपलं. दिल्ली-मुंबईने काय पाहायचं ते दिल्ली-मुंबई ठरवत असेल, केशोरीने काय पाहायचं ते तुमची दोन बोटं ठरवायची.

मालिकेचं खरं नाव लांबलचक होतं, गावात कोणी ते उच्चारलं नाही. 'जहाज लागलं का' एवढंच. सहा-सात माणसं पृथ्वीभोवती फिरायला जातात आणि परतीचं यंत्र बिघडतं. पृथ्वी खिडकीतून दिसते, पण उतरता येत नाही. यावर त्या लोकांनी वर्षांमागून वर्षं काढली. जहाजाचं दार थर्माकोलचं होतं. कप्तानाने त्यावर मूठ आपटली की खालून पांढरे कण सांडायचे. बाहेरच्या ताऱ्यांच्या पडद्याला एक चुणी होती, ती दर गुरुवारी त्याच जागी यायची. मी हे सगळं हसून हसून दाखवायचो. मी बारावीला विज्ञान घेतलं होतं. नापास झालो तरी घेतलं होतं ना. मी तुम्हाला वजनरहित अवस्था समजावून सांगत होतो तेव्हा तुम्ही लाखोळीची डाळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "रॉकेट कोन पायते, भाऊजी? आज पानी कोनाच्या वाट्याले कमी आलं, ते पायतो आमी."

आणि खरंच तसंच होतं. हापशीवर बाया बोलायच्या ते जहाजावरच्या डॉक्टरणीच्या रुसव्याबद्दल. कप्तान तिच्याशी चार दिवसांपासून बोलला नाही, आणि तिला उठून जायला दुसरी खोलीसुद्धा नाही. तीच तोंडं, तीच भांडी, एकच खिडकी, आणि माहेरी जातो म्हणायची सोय नाही. ते अंतराळ आपल्या बायांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गोंदियाहून डिस्ट्रिब्यूटरचा माणूस वसुलीला यायचा. तुमच्या हातचा चहा पिऊन म्हणायचा, "भैया, इस सीरियल को कोई नहीं देखता. हटा दो." मी म्हणालो, सगळं गाव पाहतं. तो म्हणाला, "गाँव में मीटर लगा है क्या?" मोठ्या शहरांत काही घरांत डबे बसवलेले असतात, ती घरं जे पाहतात तेच पाहिलं असं धरतात, आणि त्यावरच मालिका जगते किंवा मरते, हे त्या दिवशी मला कळलं. तो गेल्यावर मी ते तुम्हाला ऐटीत समजावलं, जणू डब्याचा शोध मीच लावला होता. तुम्ही त्याची कपबशी उचललीत. मग म्हणालात, "मंजे आमी पायतो ते पायनंच नाई का?"

दुसऱ्या गुरुवारी मी आणखी एक शोध लावला. म्हणालो, वहिनी, हे जहाज कधी उतरणार नाही. उतरलं की मालिका संपली, मालिका संपली की जाहिराती गेल्या. यंत्रबिंत्र काही बिघडलेलं नाही, त्या लोकांना वाहिनीवाल्यांनीच अडकवून ठेवलंय.

"आन् मले?" तुम्ही पदराने पिन पुसत विचारलंत.

मी काहीतरी विनोद केला. कोणता, ते आता आठवत नाही. तुम्ही हसलात हे आठवतं.

मग त्या दिवाळीनंतर बोदलकशाची मंडई आली. तुमच्या माहेरची. सगळ्या लेकीबाळी जमतात, तलावाकाठी दुकानं लागतात, नाटक असतं, आणि केबल आल्यापासून तुम्ही एकदाही गेला नव्हता. मी मोठ्या मनाने म्हणालो, जा वहिनी, मी बसतो. तुम्ही मला पिन दाखवलीत, तान्हं लेकरू दुसऱ्याच्या हातात द्यावं तशी. "साडेआठले हे काढा, हे लावा. बाकी कायलेच हात लावू नका."

बाकी सगळ्याला मी आधीच हात लावून ठेवला होता. मॉनिटरचा छोटा टीव्ही मी आदल्या दिवशीच दुरुस्त केला होता, त्यामुळे तो बंद होता. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा यंत्राला जोडून टेबलावर उघडाच ठेवला होता. साडेआठ वाजले, मी बातम्यांची पिन काढली आणि जहाजाच्या जागी कॅमेऱ्याची खोचली. मग पाय पसरून बसलो. तेवढ्यात दादा कापलेल्या धानाच्या पुंजण्याच्या राखणीला निघाला. बकऱ्या आत शिरू नयेत म्हणून जाता जाता ती कडी लावायची त्याची रोजची सवय. त्याने लावली आणि गेला.

पुढचा अर्धा तास केशोरीने मला पाहिलं. आवाज नव्हता, नुसतं चित्र. मी दार ढकलतोय. दाराशी हात जोडतोय. टेबलावर चढून जाळीतून तोंड बाहेर काढायला बघतोय. उकडायला लागल्यावर सदरा काढतोय. मग निराश होऊन तुमचा चिवड्याचा डबा शोधून काढतोय आणि तारांच्या गुंत्यात बसून खातोय. सभोवती लाल-हिरवे दिवे लुकलुकताहेत. जहाजावर गुल्लू नावाचा एक मिस्त्री होता, हात लावेल ते बिघडवणारा. गावाला वाटलं, त्याचा भाऊ आला. कोणीच मला सोडवायला आलं नाही, कारण सगळे पाहत होते. पुढच्या गुरुवारी कसा सुटतो ते कळेलच म्हणून लोक जेवायला उठले.

आई ताराबाईंच्या घरी पाहत होती. तिने तिथं सांगितलं म्हणे, आमचा बाबू टीव्हीत लागला, घरी सांगलं बी नाई. परत येऊन तिने कडी काढली आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. "केवा आला मुंबईवून?"

त्या दिवसापासून मी गावात गुल्लू झालो, तो आजही आहे. कोणीतरी एसटीडीवरून बोदलकशाला फोन केला आणि दुसऱ्या दिवशीच्या बसने तुम्ही परत आलात. नाटक राहिलं, भावजयांशी बोलणं राहिलं, पिशवीत मंडईतली शेव तेवढी होती. आल्या तशा खोलीत शिरलात. पिन बदलली. मग त्या कॅमेऱ्याच्या काचेत बराच वेळ पाहत राहिलात. मला वाटलं, तुम्ही कुंकू नीट करत आहात.

पुन्हा कधी तुम्ही जाते म्हणाला नाहीत. पुन्हा कधी मी जा म्हणालो नाही. मला सोडून गेलात तर काय होतं हे गावाने पाहिलंच होतं, आणि मी ते बारशा-लग्नांत सांगून पुन्हा पुन्हा हशा मिळवायचो. त्या हशात तुमचं न पाहिलेलं नाटक कुठंच नसायचं.

मग एका गुरुवारी जहाज आलंच नाही. त्या जागी गाण्याची स्पर्धा. ना सूचना, ना निरोप. आदल्या गुरुवारी तर जहाज अगदी ढगांपर्यंत आलं होतं. मुंबईत मालिका बंद झाली असेल, केशोरीत ती केबलवाल्याने कापली. आपल्याकडे टीव्हीतून जे जे नाहीसं होतं ते केबलवाल्यानेच कापलेलं असतं. लोक अंगणात जमले. मी आईची शपथ घेतली तर आईच म्हणाली, माही शपत घेऊ नको. तरण्या पोरांनी छतावर चढून सगळ्या छत्र्या पूर्वेला फिरवल्या, तिकडून तरी येईल म्हणून. मी त्या खोलीत शिरलो. आतून कडी नाही, हे मला त्या दिवशी फार जाणवलं.

तुम्ही सूप घेऊन आत आलात. सुपात तांदूळ होते. म्हणालात, "तो कॅमेरा इकडं करा. आवाजाची तार बी लावा, मांगच्यावानी नोका करू."

मी लावली. तुम्ही खाली बसलात, पदर सारखा केला, तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला आणि काचेकडे न पाहता म्हणालात, "तं मंग, मांगच्या गुरुवारी जहाज ढगापावत आलं होतं."

अंगण रिकामं झालं. सगळे आपापल्या घरी टीव्हीपुढे.

सगळ्या देशात मेलेली ती मालिका आपल्या गावात पुढे किती तरी वर्षं चालली. तुमच्या जहाजाला थर्माकोल नव्हता. सेट नव्हता, पडद्याची चुणी नव्हती, जाहिराती नव्हत्या. खडे निवडता निवडता तुम्ही सांगायच्या की आज कप्तानाने पाण्याचा वाटा गुपचूप डॉक्टरणीच्या, जहाजातच झालेल्या लेकराला दिला आणि स्वतः तहान नाही म्हणाला. कोणाला कळलं? गुल्लूला कळलं, पण गुल्लूच्या पोटात काय राहते? असं म्हणून तुम्ही कॅमेऱ्याच्या वर, माझ्या तोंडाकडे पाहायच्या. मी हसू दाबलं की चित्र हलायचं, आणि चित्र हललं की गावाला वाटायचं जहाजाला झटका बसला. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी सांगितल्या, वहिनी, पण गप्प बसून ऐकण्यातलं सुख मला त्या कॅमेऱ्यामागे कळलं. तेवढं तुमच्यामुळे मिळालं. बाकी सगळं मी तुमच्याकडून घेतलं होतं, हे दिलंत.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. मी म्हणायचो, उतरवा आता. तुम्हाला कोणी वाहिनीवाला अडवतोय का? उतरवा म्हणजे तुम्हीही सुटाल, मी तिथं पिक्चरची सीडी लावून देतो. तुम्ही म्हणायच्या, दार आतून खटका दाबला की उघडते, आणि दाबून धरला तरच उघडं राहते. सारे उतरतीन, पण एकाला खटका धरून बसावं लागन.

"कप्तान बसेल," मी म्हणालो.

"त्याची बायको खाली वाट पायते."

"मग डॉक्टरीन."

"तिचं लेकरू?"

मी एकेक नाव घेत गेलो, तुम्ही एकेकाला सोडवत गेलात. शेवटी मी वैतागून म्हणालो, बसेल कोणीतरी, त्यात काय.

तुमचा हात सुपात थांबला. "कोनीतरी मंजे कोन, भाऊजी? ते कोनीतरी कोन रायते, तुमाले मालूम हाये."

मला मालूम होतं. मी म्हणालो, लाइट जाईल असं वाटतंय, इन्व्हर्टर पाहून येतो.

शेवटच्या गुरुवारी तुम्ही जहाज बोदलकशाच्या तलावावर आणलंत. पाण्याच्या जरा वर. दार उघडलं, सगळे दारात दाटीने उभे, समोर काठावर मंडई भरलेली, शेवेच्या दुकानाचा वास वरपर्यंत येतोय. खटका कोणी धरलाय ते तुम्ही सांगितलं नाही. म्हणालात, पुढच्या गुरुवारी.

त्याच आठवड्यात घरोघरी सेट-टॉपचे डबे बसले. सगळं गोंदियाहून थेट यायला लागलं, आपली गुरुवारची जागा गेली, छत्र्या भंगारात गेल्या. आता रिमोट ज्याच्या त्याच्या हातात. मी आनंदाने धावत सांगायला आलो, वहिनी, सुटलात तुम्ही, आता जा खुशाल बोदलकशाला. तुम्ही म्हणालात, हाव, जातो ना.

गेला नाहीत. साडेआठला सूप घेऊन त्याच खोलीत बसायच्या. दार सताड उघडं, यंत्रं बंद, पिन नुसती लोंबकळत असायची. हापशीवर बाया विचारायच्या, उतरलं का, तर म्हणायच्या, विचारात आहो. एकदा मी थट्टेने म्हणालो, आता कोणी अडवलंय हो तुम्हाला? तुम्ही म्हणालात, "पाय निघत नाई, भाऊजी." मी ती थट्टा पुढे रेटली. तिथं थांबायला हवं होतं.

तेरवीची पाहुणेमंडळी गेली तसा मी त्या खोलीत येऊन बसलो. अजून पुरतं अंधारलं नव्हतं. कॅमेऱ्याची बॅटरी केव्हाच मेली आहे, आणि जिवंत असती तरी इथून आता कुठंच काही जात नाही. म्हणजे मोजणाऱ्याची भीती नाही. ताराबाईंना उद्या काय सांगायचं ते आज ठरवायचं होतं. पिन हातात घेतली.

तं मग, मागच्या गुरुवारी जहाज तलावावर आलं होतं. सगळे दारात उभे होते, आणि तुम्ही आत खटका धरून बसला होतात, वहिनी, इतकी वर्षं. तेव्हा गुल्लू म्हणाला, सरका, मी धरतो. सगळ्यांचा जीव दारात अडकला, कारण हा हात लावेल ते बिघडवतो. पण हे एकच काम असं आहे की त्यात काही करायचं नसतं, नुसतं बसून राहायचं असतं. तेवढं तर गुल्लूलाही जमेल. बाकी कशालाच मी हात लावत नाही. चिवड्याच्या डब्यालासुद्धा नाही.

दादा बकऱ्या बांधायला छपरीत आला. सवयीने त्याचा हात कडीवर गेला. मग त्याला मी दिसलो.

"आत हायेस तू?"

"हाव."

"मंग कडी उघडी राहू देऊ?"

"लाव," मी म्हणालो.

त्याने आत शिरू पाहणारी बकरी मागे ढकलली आणि दार ओढलं.

कडी लागली, वहिनी. पाणी गुडघ्याएवढंच आहे. साडी जरा वर धरा आणि उतरा.